काट्याकडे पाठ

आकडा पोरीला दिसता कामा नये, असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं. म्हणून रोज सकाळी ती पाठमोरी वजनकाट्यावर उभी राहायची आणि आकडा मी बघायची. माझ्यासमोर बसून ताट चाटूनपुसून साफ करायची, तरी वजन उतरतच होतं.

"ओकून टाकतेस ना?" मी आजही सुरू केलं. "माझ्या डोळ्यांत धूळ फेकतेस? खाल्लेलं जातं कुठे मग?"

"मला काय माहीत? माझ्या अंगाला लागत नाही एवढं खरं," ती भिंतीकडे बघत म्हणाली.

"वर तोंड करून बोलू नकोस. उतर खाली."

ती उतरली. आकडा मात्र हलला नाही.

बिघडला असेल म्हणून मी वाकले. रिकाम्या काट्याची स्प्रिंग कुरकुरली आणि आकडा चढू लागला. पोरीच्या वजनाच्या दुप्पट झाला, माझ्याही पुढे गेला. मग कुणीतरी खाली उतरावं तसा झटकन शून्यावर आला.

नुकताच भरपेट नाश्ता केलेला, तरी मला कडकडून भूक लागली.

पोर वळली. तिने मला नखशिखांत न्याहाळलं.

"उद्यापासून तू उभी राहा, आई," ती म्हणाली. "आकडा मी बघेन."