निळी पट्टी

पडद्यावर पट्टी निळीशार दिसत होती. उष्णता टिपणाऱ्या या कॅमेऱ्यात निळं म्हणजे थंड, पांढरं म्हणजे पोळणारं. टेगनने सहज मनगट पट्टीवर टेकवलं आणि झटकन मागे घेतलं. चांगलाच चटका बसला होता.

ग्राफीनची, म्हणजे कार्बनची, ती पातळ, चकचकीत पट्टी खालच्या चिपची उष्णता पसरवून टाकते, असं महिनाभर हाच कॅमेरा सांगत होता. पण चकचकीत वस्तूच्या बाबतीत तो फसतो, तापलेली असली तरी थंड दाखवतो. मोजण्याआधी तिच्यावर काळा रंग फवारावा लागतो. टेगनने कपाट उघडलं. रंगाच्या डब्याचं सील शाबूत होतं. फवारायचं काम तिचंच होतं.

तिचा प्रमुख ग्रेम दारातूनच म्हणाला, पाहुणी खाली गाडी लावतेय, आणि तुझं तोंड का असं, पोरीने झोपू दिलं नाही वाटतं. तिने सगळं सांगितलं. तो मटकन खुर्चीत बसला. मग हळू आवाजात बोलू लागला. पट्टी वाईट नाही, चिकटवण्यात कुठेतरी चुकलंय, आठवड्याभरात निस्तरू. पण आजची भेट फसली तर जुलैत गीलाँगची ही प्रयोगशाळा बंद, सात माणसं घरी.

"आज फक्त गप्प राहा, टेग. एवढंच मागतोय."

पाहुणी ऑकलंडची, नायरी नावाची, पन्नाशीची. तिची कंपनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी ठोके मोजणारं यंत्र बनवते; ते बाळाच्या छातीवर चिकटवतात. आतली चिप तापते, म्हणून ही पट्टी हवी. नायरीने पडदा निरखून पाहिला, ग्रेमचे आकडे ऐकले. टेगन मनगटावर बाही ओढून उभी होती.

"दोन पट्ट्या आजच द्या मला," नायरी हसून म्हणाली. "वॉर्डातल्या नर्सना शब्द देऊन आलेय. रिकाम्या हाताने गेले तर आत घेणार नाहीत."

ग्रेमने कुरियरचं काहीतरी पुटपुटून पाहिलं. नायरीने तोवर पट्ट्या ठेवायला पर्स उघडली होती.

टेगन पुढे झाली आणि तिने तळहात त्या निळ्या पट्टीवर दाबला.

"अगं, काय करतेस," ग्रेम म्हणाला.

तिने मनात तीनपर्यंत मोजलं. मग हात उचलून कॅमेऱ्यासमोर धरला.

पडद्यावर पिवळा पंजा उमटला. त्याच्या मधोमध एक रुंद, पांढरीफटक रेघ होती.