ममीच्या पट्ट्या

पुठ्ठ्याच्या थडग्यातून ममी बाहेर आली आणि ठरल्याप्रमाणे तांबड्या गरुडाशी भिडली. तांबडा गरुड म्हणजे अख्ख्या मेक्सिकोचा लाडका पैलवान. सिनेमात भुताखेतांना लोळवायचा, आणि मुखवटा जेवतानाही उतरवायचा नाही. आज तर शूटिंग बघायला वर्तमानपत्रांचे फोटोवालेही आले होते.

ममीच्या पट्ट्यांआड फॅबियान होता. तोही एके काळचा मुखवट्यातला पैलवान. ऐन कुस्तीत याच गरुडाने मागून त्याच्या मुखवट्याची नाडी सोडली होती. वर त्याच्या उघड्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघत म्हणाला होता, "एकदा उतरला की पुन्हा चढवायचा नाही. नियम आहे आपला." त्यानंतर फॅबियानला कुस्तीसाठी कुणी विचारलं नाही. चेहरा झाकायला उरल्या त्या या पट्ट्या.

झटापटीत त्याची बोटं गरुडाच्या मानेमागची गाठ चाचपत होती. ती सुटली आणि एका हिसक्यात मुखवटा त्याच्या हातात आला. समोर टक्कल पडलेला, कुणाच्याच ओळखीचा नसलेला माणूस दोन्ही तळव्यांत तोंड लपवत उभा होता. फोटोवाले धावले.

"दे तो इकडे," माणूस तळव्यांआडून म्हणाला.

"चढवायचा नाही. नियम आहे आपला."

"मग तुझ्या पट्ट्या तरी गुंडाळ मला. पाया पडतो तुझ्या."

फॅबियानने अंगावरच्या पट्ट्या सोडल्या, त्याच्यासमोर गुडघे टेकले आणि अगदी निवांतपणे पायांपासून गुंडाळायला सुरुवात केली.