दहा दिवस कुशबरोबर

तिसरी गोळीही कुडूच्या खांद्यातच गेली, तेव्हा कुठे शशिकांतरावांनी श्वास सोडला. शंभर यार्डांवर पुठ्ठ्याला लावलेलं ते आफ्रिकेतलं कागदी हरीण, वळ्यावळ्यांची शिंगं मिरवत उभं होतं. खांद्यावरची तिन्ही भोकं एका पुरीखाली झाकली असती.

"नॉट बॅड, शशी!" डग म्हणाला. डग म्हणजे त्यांच्या मुलाचा, कुशचा सासरा. व्याह्यांना अहो-जाहो करायची सोय इंग्रजीत नाही, त्यामुळे तो नुसता डग.

कुश मागे उभा राहून घड्याळ बघत होता.

जूनमध्ये डगची मंडळी नामिबियाला शिकारीला निघणार होती. डग, त्याचा भाऊ ब्रायन आणि जावई कुश. जानेवारीत ब्रायनची बायपास झाली आणि एक जागा रिकामी झाली. शशिकांतराव जेवता जेवता "मी येतो की!" म्हणाले, तेव्हा सगळं टेबल हसलं. कुशही हसला आणि म्हणाला, सहापैकी सहा गोळ्या बसवून दाखवा, मग बघू.

झालं! सहासष्ट वर्षांचा हा माणूस, आयुष्यात डास-झुरळापलीकडे काही न मारलेला, चार महिने दर शनिवारी ट्रॉयच्या घरून तासभर ड्राइव्ह करून या नेमबाजीच्या रेंजवर यायला लागला. शिकारीचा सोस होता म्हणता? छे हो. लग्न झाल्यापासून मुलगा भेटायचा तो रविवारी, फोनवर, सात मिनिटं. त्यातली चार हवापाण्यात जायची. इथे सलग दहा दिवस मिळत होते. एक जीप, एक शेकोटी आणि शेजारी कुश. त्यासाठी शशिकांतराव सिंहाच्या तोंडात हात घालायलाही तयार होते.

"लास्ट थ्री," म्हणत डग चालत गेला आणि नवा कागद लावून आला. "बबून. तिकडच्या शेतकऱ्यांना फार छळतात. कोकरं फाडतात. दिसला की उडवायचा."

शशिकांतरावांनी स्टँडवरच्या दुर्बिणीला डोळा लावला. गुडघ्यांवर हात ठेवून ते वानर थेट त्यांच्याकडे बघत बसलं होतं. शशिकांतरावांचे हात आपसूक जोडले गेले, छातीशी आले आणि मग कपाळाला टेकले. शनिवार, पोटात उपास आणि समोर हे. हात काय विचारून जोडले जातात?

"इज ही प्रेइंग टु इट?" डग खो खो हसला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण कुशचे कान लालबुंद झाले.

"बाबा, प्लीज," तो दबक्या आवाजात म्हणाला. "इट्स पेपर. नॉट हिअर."

"सॉरी, सॉरी. सवय रे."

शशिकांतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुहागरला त्यांच्या आगरात वानरांनी आंब्याची पार वाट लावली, तरी वडिलांनी पत्र्याचा डबा बडवण्यापलीकडे काही केलं नव्हतं. दगड उचलला तर पोरांनाच फटका बसायचा. आणि आता त्याच वडिलांचा हा मुलगा तीन काठ्यांच्या तिकाटण्यावर रायफल टेकवून उभा होता. गाल लाकडाला लावला.  मारुतीराया, घटकाभर डोळे मीट, ते मनात म्हणाले. पोराचा प्रश्न आहे.

पहिली गोळी छातीत बसली. दुसरी तिच्याशेजारी. तिसरी दोघींच्या मधोमध.

"सिक्स फॉर सिक्स!" डगनं पाठीवर अशी थाप मारली की शशिकांतराव हेलपाटले. "हा कागद मी फ्रेम करणार!" आणि तो आणायला डग तरातरा निघाला.

शशिकांतराव वळले. हसू काही केल्या आवरत नव्हतं.

"मग? काय म्हणतोस? तुझ्या आईला सांगतो, दुधातल्या दशम्या करून दे म्हणून. मस्त टिकतात. आणि तंबू दोघांत एक असतो ना रे? तुझ्या सासऱ्याला काय, एकटं झोपू दे. घोरत असणार तो."

कुश दोन्ही हात खिशात घालून डगच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत होता.

"बाबा, ब्रायन इज गोइंग. डॉक्टरनं ओके दिलं त्याला."

"कधी?"

"लास्ट मंथ."

"लास्ट मंथ?" शशिकांतरावांच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं, ते कुठे ठेवावं हे त्यांना कळेना. "मग आजचं हे रे कशाला?"

कुशनं बुटाच्या टोकानं खडी उकरली.

"आय थॉट यू वुड मिस," तो म्हणाला. "देन आय वुडन्ट हॅव टु टेल यू."

लांब डग कागद सोडवत होता. त्यानं तो डोक्यावर धरून इकडे नाचवला. शशिकांतरावांनीही हात वर केला. रीत म्हणून करावा लागतो.

"बरं झालं. म्हणजे, ब्रायनची तब्येत सुधारली ते बरं झालं," ते म्हणाले. "तू मनाला लावून घेऊ नकोस. मलाही एवढा प्रवास कुठे झेपणार होता?"

"यू शुअर?"

"अरे, शुअर म्हणजे काय! चल, गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या उचलायच्या राहिल्यात. इथला नियम आहे."

ते गुडघ्यांवर बसले. खडीतून एकेक पितळी पुंगळी वेचून ओंजळीत घेऊ लागले. सहा गोळ्या झाडल्या होत्या, सहा पुंगळ्या मिळाल्या. डगचे बूट करकरत जवळ आले आणि कुशच्या बुटांशेजारी थांबले.

शशिकांतराव मान खाली घालून सातवी शोधत राहिले.