शिंपीणबाईंसाठी प्रार्थना

पाळकांनी डोळे मिटून शिंपीणबाईंसाठी प्रार्थना सुरू केली आणि शेवटच्या बाकावर लेखिकेचे डोळे खाडकन उघडले.

"प्रभू, नवरा गेल्यापासून ती तुझ्याशी बोलत नाही," पाळक म्हणाले. "तू तिला सांभाळ." सगळी मंडळी एका सुरात आमेन म्हणाली. त्याआधी पाय मोडलेल्या ड्रायव्हरकाकांसाठी आमेन झालं होतं, परीक्षेला बसलेल्या मुलांसाठी झालं होतं. ती माणसं निदान होती तरी. शिंपीणबाई या जगात नव्हतीच. मंडळीच्या मासिकात लेखिकेची कादंबरी दर महिन्याला छापून येत होती, तिथे ती राहत होती.

एरवी लेखिका इतरांसाठीच्या प्रार्थना सुरू व्हायच्या आतच सटकायची. आज बाकाच्या टोकाला एक धिप्पाड काका येऊन बसले म्हणून ती अडकली, आणि हे ऐकावं लागलं. तिचं डोकं तडकलं. इतकी वर्षं ती लिहीत होती आणि इतकी वर्षं दोन्हीकडून बोलणी खात होती. बाहेरचे संपादक म्हणायचे, फार देव देव होतंय. मंडळीतले म्हणायचे, देव कुठे दिसतच नाही. एका वाचकाने तर तिच्या पुस्तकात बायबलची वचनं किती आली ते बोटांवर मोजून दाखवलं होतं, आणि त्याला एकाच हाताची बोटं पुरली होती. आता ही नवी तऱ्हा. जीव ओतून लिहायचं, आणि वाचणाऱ्यांना खरं काय नि रचलेलं काय एवढंही कळू नये?

त्यात शेवटचा भाग अडलेला. कथेतल्या शिंप्याच्या मृत्यूनंतर त्याच्या बायकोने देवाशी अबोला धरला होता आणि तो काही केल्या सुटत नव्हता. लेखिका तिला गुडघ्यांवर बसवायची, तिच्या तोंडी दोन ओळींची प्रार्थना घालायची आणि कागद फाडून टाकायची. प्रत्येक ओळ खोटी वाटे. खरी आणणार कुठून? तिचा स्वतःचा नवरा वारल्यापासून तिच्याही तोंडून प्रार्थनेचा शब्द निघाला नव्हता. चर्चला ती यायची, गाण्यांना ओठ हलवायची, ते केवळ नाही आलं तर चारजणी विचारपूस करायला घरी येतील म्हणून. प्रार्थनेवाचून ती कशीबशी दिवस काढत होती. पण आता लिहिणंही हातचं गेलं तर आपल्याकडे काय उरेल?

उपासना संपताच तिने पाळकांना दारातच गाठलं.

"नावं मोठ्या बाई देतात, मी फक्त वाचतो," ते म्हणाले. "ते जाऊ द्या. शेवटी ती गुडघे टेकते ना? अंक छापायला द्यायचाय."

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. लेखिकेला निबंध लिहायला त्यांनीच शिकवलं होतं, आणि मासिकाची मुद्रितं अजूनही त्याच तपासायच्या. चर्चमागच्या खोलीत त्या कप विसळत होत्या. तिथवर पोचेपर्यंत एका आजोबांनी लेखिकेला थांबवलं आणि शिंपीणबाईंना आता जरा बरं वाटतंय का, असं अगदी काळजीने विचारलं. त्यामुळे ती आत शिरली ती तणतणतच.

"बाई, निदान तुम्ही तरी! ती खरी नाहीये. मी रचलीय तिला. जी जन्मालाच आली नाही तिच्यासाठी अख्खी मंडळी प्रार्थना करतेय, ह्याला काय म्हणायचं?"

"आवाज खाली," बाई वर्गात म्हणायच्या तशाच म्हणाल्या. "आणि तो कप पुसायला घे."

लेखिकेने मुकाट्याने कप घेतला. राग मात्र उतरला नाही. "इथे कुणाला वाचताच येत नाही का?"

"मला येतं," बाई म्हणाल्या. "पहिल्या भागात तू लिहिलंयस की शिंप्याला चहा वर्ज्य होता. त्याला वाससुद्धा चालायचा नाही. आणि पुढे तो गेल्यावर ही बाई रोज सकाळी दोन कप चहा करते आणि एक बेसिनमध्ये ओतते. चूक दाखवायला मी पेन्सिल उचलली होती. मग खाली ठेवली."

लेखिकेचा हात कपातच थांबला. चहा तिच्या नवऱ्याला लागायचा, डोळे उघडल्या उघडल्या, पांघरुणातच. पहिल्या भागात आपण काय लिहिलं होतं ते तिला अजिबात आठवेना. दुसरा कप मात्र तिने आज सकाळीही ओतून दिला होता.

बाईंनी नळ बंद केला. "तुझा नवरा गेला तेव्हा आम्ही आलो होतो. तू दारातूनच परत पाठवलंस. चर्चमध्ये माझं नाव घेऊन प्रार्थना कराल तर बघा, म्हणालीस." त्यांनी पदराला हात पुसले. "आम्ही तुझं नाव घेत नाही गं. तिचं घेतो."