पहिली दोरी

गाठ सुटत नव्हती. चेकरताई ट्रकच्या कडेला वाकून दोरीशी झटत होती. नखं लावून झाली, पेनाचं टोक घालून झालं. मागे पाच हमाल पालथ्या खोक्यांवर आरामात बसले होते. ताडपत्रीखालचा माल हललेला नाही हे बघून पहिली दोरी चेकरनेच सोडायची, मग बाकीच्यांनी हात लावायचा, असा गोदामाचा नियम होता.

"काका, माल बांधून आणलाय की कैदी?" मुकादमाने विचारलं.

काका म्हणजे ट्रकचा ड्रायव्हर, चेकरताईचा बाप. दर मंगळवारी तो दुसऱ्या गावाहून माल घेऊन यायचा. लेकीने थर्मासमधून ओतून दिलेला चहा पीत तो म्हणाला, की दोष गाठीचा नाही. पोरीच्या हातात जोर नाही. हिच्या आईने दोन बोटांत सोडली असती.

ती मान वर न करता विचारत होती. गोळ्या वेळेवर घेता का, चष्मा बदलला का, स्वयंपाकाची बाई टिकली की तिलाही पळवलंत. तो विचारत होता, नातीचा दात पडला का, जावयाची पाठ कशी आहे. फोनवर त्याला बोलता यायचं नाही. फोन हे बायकोचं खातं होतं, आणि ती जाऊन वर्ष झालं होतं. माल उतरला की मागचा ट्रक हॉर्न द्यायचा आणि माल उतरवायचा धक्का लगेच मोकळा करावा लागायचा. बोलणं व्हायचं ते गाठ सुटेपर्यंतच.

आज नवे मॅनेजर घड्याळ बघत आले. बाकीचे ट्रक अर्ध्या तासात रिकामे होतात, हाच तासभर का अडतो, ते त्यांना बघायचं होतं. पुढच्या आठवड्यापासून दोऱ्या बंद, त्यांनी सांगून टाकलं. खटक्याचे पट्टे लावायचे. खटका दाबला की माल मोकळा.

ताईची बोटं थांबली. बाप कपात बघत राहिला.

"सरका, मी बघतो," मॅनेजर म्हणाले, आणि त्यांनी दोरीचं लोंबतं टोक सहज ओढलं.

गाठ सुटली. सगळी दोरी सरसरत त्यांच्या बुटांवर येऊन पडली. शंभर खड्ड्यांत ढिली न होणारी आणि धक्क्यावर एका ओढीत सुटणारी, जुन्या ड्रायव्हरची गाठ होती ती.

मुकादम छताकडे बघू लागला. मॅनेजरांनी दोरीकडे पाहिलं, मग ताईच्या लाल झालेल्या कानांकडे, मग खोक्यावरच्या दुसऱ्या कपाकडे. तो भरलेलाच होता, वर साय धरली होती.

ते वाकले. दोरी उचलून पुन्हा कडीत ओवली आणि जमेल तशी बांधून टाकली. एकावर एक चार वेढे.

"पहिली दोरी चेकरनेच सोडायची ना? मग मी कशाला मध्ये पडू," ते म्हणाले. "पट्ट्यांचं पुढे बघू."

ते गेल्यावर ताई हसत खाली वाकली. एक टोक ओढलं. दुसरं ओढलं. मग कप ठेवून बाप उठला, त्याने चष्मा पुसला, दात लावून पाहिले. मग मुकादम आला, मग पाचही हमाल.

ही गाठ मात्र खरंच सुटेना.