मेंढरांची जागा

टेकडीच्या वळणावर धूळ उठली तेव्हा हरणाबाई बाजरीत खुरपत होती. तिनं कान टवकारले. वावटळ असती तर घंटेचा आवाज आला नसता.

"आवं, भावजी आलं कोकणातनं!" तिनं नवऱ्याला हाक दिली, आणि लगेच भोवतालच्या बाजरीकडं पाहिलं.

अर्जुना बांधावर दगड रचत होता. थोरला भाऊ सात महिन्यांनी परतला म्हणून त्याचा चेहरा फुलला, आणि मेंढरं कुठल्या वाटेनं येताहेत ते दिसलं तसा उतरला. दोनशे मेंढरं नाकासमोर त्यांच्या शेताकडंच निघाली होती.

चूक दोघांचीच होती, आणि चूकही अशी की शहाणपणानं केलेली. सरकारनं दिलेल्या चार एकर माळातलं यंदा कुठलं नांगरायचं, असा प्रश्न पडला तेव्हा हरणाबाईनं ही पट्टी दाखवली होती. सासऱ्याच्या काळापासून कोकणातून परतलेला कळप मुक्कामाला इथंच बसे. लेंड्यांनी माती काळीभोर झालेली. बाजरी उगवली तीही अशी, की वाटेनं जाणाऱ्यानं थांबून बघावं. जन्म मेंढरांमागं गेला, तरी ही जागा मेंढरांनाही ठाऊक आहे एवढं मात्र दोघांच्या ध्यानात आलं नाही.

पहिल्या साली पलीकडच्या माळावर कातळानं नांगराचा फाळ मोडला होता, दुसऱ्या साली पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. दोन्ही वेळा तलाठ्यानं कागदावर 'पडीक' लिहिलं. तिसऱ्यांदा लिहिलं की जमीन माघारी, हे त्यानं तोंडावर सांगितलं होतं. सोमवारी तो उभं पीक बघायला येणार होता. आज शनिवार.

बिराप्पा पुढं आला. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं. त्यानं वीतभर वाढलेली बाजरी पाहिली, कुडाचं खोपटं पाहिलं.

"बाची जागा नांगरलीस व्हय रं?"

"दादा, मेंढरं पलीकडनं घे," अर्जुना म्हणाला. हातात काठी होती, पण ती जमिनीलाच टेकलेली. आजवर शेतकऱ्यांनी त्याच्यावर काठ्या उगारल्या होत्या. भावावर ती कशी उगारायची, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"मेंढरास्नी काय सांगू? त्यास्नी सातबारा वाचता येत न्हाई," बिराप्पा हसला. "खाऊ दे की. गुंडाळ हे सगळं आन् चल माज्यासंगं. एका जागी बसून आपल्यात कोण मोटं झालंय?"

पुढची मेंढरं बांधाला भिडली.

थोरल्या दिरापुढं हरणाबाई कधी तोंड वर करून बोलली नव्हती. आत्ताही बोलली नाही. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, खुरपं कमरेला खोचलं आणि बांध ओलांडून सरळ कळपात शिरली.

"काजळे! ये गं काजळे!"

गळ्यात घंटा बांधलेली म्होरकी मेंढी थबकली. आई मेलेलं हे कोकरू हरणाबाईनं लेकीच्या वाटणीचं शेळीचं दूध पाजून जगवलं होतं. सात महिन्यांत ते आवाज विसरलं नव्हतं. काजळी येऊन तिच्या लुगड्याला नाक घासू लागली, तशी हरणाबाई चालू लागली. बाजरीला वळसा घालून, खोपट्यामागच्या माळाकडं. तिथं नुसते दगड आणि कुसळं. तिच्यामागं काजळी, आणि काजळीमागं सगळा कळप. आता अर्जुनाही भानावर आला आणि काठी आडवी धरून बांधाच्या कडेनं पळत राहिला. कडेच्या दोन ओळी गेल्याच. बाकीचं शेत उभं राहिलं.

"आरं, तिथं खडकावर कशाला बसवलीत?" बिराप्पा ओरडला.

हरणाबाईनं नवऱ्याकडं तोंड केलं आणि दिराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भावजीस्नी सांगा, फुडल्या साली ती पट्टी नांगरायची हाय. तीन राती मेंढरं तिथं बसू द्या. फुकट नगं. रीतीपरमानं धान्य देऊ."

बिराप्पाच्या तोंडावरचं हसू गेलं. खतासाठी मेंढरं बसवून घ्यायची आणि धनगराला धान्य घालायचं, ही शेतकऱ्याची रीत. रहिमतपूरपासून उंब्रजपर्यंत त्यानं कितीक बांधांवर धान्य घ्यायला घोंगडं पसरलं होतं. घरच्या माणसापुढं कधी नाही.

अर्जुना मान खाली घालून उभा राहिला. हरणाबाई खोपट्यात गेली. सुगीपर्यंत पुरवायचे म्हणून जपलेले जोंधळे मडक्यात होते. त्यातले पायलीभर सुपात घेऊन ती बाहेर आली.

बिराप्पानं सुपाकडं पाहिलं, भावाकडं पाहिलं. मग बाजरीकडं बराच वेळ बघत राहिला. शेवटी त्यानं खांद्यावरचं घोंगडं काढलं आणि बांधाच्या बाहेर, पिकाला धक्का लागणार नाही असं नीट पसरलं.

हरणाबाईनं सूप ओतलं. तो जागचा हलला नाही.

"पायलीवर भागत न्हाई, बाई," तो म्हणाला. "शेतकऱ्याकडनं आमी दोन घेतो."

अर्जुनानं दचकून वर पाहिलं. हरणाबाई मात्र पदराआड हसली, आणि रिकामं सूप घेऊन खोपट्याकडं अक्षरशः धावत सुटली.