आपोआप हलणारा बाण

"आईच्या कॉम्प्युटरवर परत ती सिक्युरिटी बंद असल्याची लाल खूण आलीय. जरा बघून याल का?" काकूंच्या मुलीचा महिन्याभरातला हा तिसरा फोन. दुरुस्तीवाला चरफडतच गेला. दर वेळी तो सिक्युरिटी चालू करून यायचा आणि आठवडा उलटायच्या आत ती पुन्हा बंद. आज त्याने सगळं खोदून पाहिलं. व्हायरस वगैरे काही नव्हतं. दर रविवारी सकाळी अकराला कुणीतरी हातानेच ती बंद करत होतं.

"काकू, हे उद्योग तुमचे?"

चोरी पकडली गेल्यासारख्या काकू हसल्या. "अरे, तुझी ती सिक्युरिटी माझ्या लेकाला आत येऊ देत नाही ना! त्याने एक प्रोग्रॅम टाकून ठेवलाय. रविवारी अकराला तो तिकडे त्याच्या घरी बसून माझा कॉम्प्युटर नीट करायचा. मी माउसला हातसुद्धा लावायचे नाही. बाण आपोआप पळायचा, आणि मी आपली त्या बाणाशीच बोलत बसायचे."

दुरुस्तीवाल्याने माउसवरचा हात काढला. "पण काकू, ताई म्हणाल्या, दादा तर मागच्या वर्षी..."

"गेला. ठाऊक आहे रे मला. डोकं ठिकाणावर आहे माझं."

"मग हे उघडं कशाला ठेवायचं? भलताच कुणी चोर आत शिरेल."



पडद्याच्या मधोमध निपचित पडलेल्या बाणाकडे बघत काकू म्हणाल्या, "शिरू दे की. निदान बाण तरी हलेल."